गाडीत झोप लागत नाही? जाग किती वाजता येते ते आधी बघा

"गाडीत झोपायला कोणती गादी घेऊ?" हे मला महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी विचारतंच. विचारणाऱ्याची एक गादी बहुतेक घेऊन झालेली असते, ती फसलेली असते आणि आता दुसरीचा शोध चालू असतो. हसायचं कारण नाही, आम्ही स्वतः तीन घेतल्या. पहिली हवेची, दुसरी ट्रेकिंगची घडीची, तिसरी पुन्हा हवेची पण जास्त जाड. तिन्ही माळ्यावर पडून आहेत. प्रत्येक मुक्कामाला तेच: रात्री कधीतरी जाग, मग कूस बदलत पहाट, आणि दुसऱ्या दिवशी गड चढायच्या ऐवजी पायथ्याच्या टपरीवर चहा पीत डुलक्या.

आमची गाडी उंच टपाची हॅचबॅक, मागची सीट ६०:४० दुमडणारी. मी पाच फूट दोन, नवरा पाच फूट नऊ. राहायला नाशिकला, त्यामुळे हिवाळ्यात भंडारदरा, रतनवाडी, घाटघर, आणि वर्षातून एखादी कोकणफेरी. पुढचं सगळं या गाडीचं आणि या हवेचं आहे. सात सीटर असेल तर लांबीचं गणित सोपं होईल, बाकी दुखणी तीच.

माझे बाबा एसटीत ड्रायव्हर होते. मुक्कामी गाडी घेऊन गेले की गाडीतच झोपायचे. कंडक्टर मागच्या लांब सीटवर, बाबा दोन रांगांमधल्या वाटेत सतरंजी टाकून. तीन गाद्यांची रडकथा त्यांना ऐकवली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "जाग किती वाजता येते?" मला वाटलं विषय टाळतायत. पण पुढच्या दोन मुक्कामांना मी खरंच वेळ लिहून ठेवली आणि लक्षात आलं की रात्रीच्या प्रत्येक प्रहराला उठवणारा वेगळा असतो. अकराला उठवणारा आणि पाचला उठवणारा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. आम्ही मात्र सगळ्यांसाठी एकच औषध आणत होतो, गादी.

डोळाच लागत नाही, लागला तरी तासाभरात उघडतो

असं असेल तर गाडी तिरकी उभी आहे.

डोळ्यांना तो कल दिसत नाही. जमीन सपाट वाटते, गाडी सरळ वाटते. पण दोन अंशांचा कल म्हणजे चार फूट रुंदीत दीड इंचाहून जास्त फरक. एवढा फरक पुरतो. शरीर रात्रभर खालच्या बाजूला घरंगळायला बघतं आणि स्नायू त्याला धरून ठेवतात. दोघं असाल तर वरचा खालच्यावर येतो आणि खालचा दाराला चिकटतो. आमच्याकडे यावरून भांडणं झाली आहेत. "तूच सरकतोस" हे मी दोन वर्षं म्हणत होते. तो सरकत नव्हता, गाडी त्याला सरकवत होती.

तपासायला गवंड्याची पाणसळ लागत नाही. पाण्याची बाटली काठोकाठ भरण्यात थोडी कमी ठेवा, बूच लावा आणि गाडीच्या तळावर आडवी ठेवा. बुडबुडा ज्या टोकाला जाईल ते टोक उंच. एकदा गाडीच्या लांबीत ठेवून बघा, एकदा रुंदीत. फोनमध्येही लेव्हल असते, पण बाटली अंधारात बॅटरीच्या उजेडात जास्त भरवशाची वाटते मला.

लांबीतला थोडा कल चालतो, डोकं उंच बाजूला असलं म्हणजे झालं. डोकं खाली गेलं की अर्ध्या तासात नाक चोंदतं आणि कपाळ जड होतं. रुंदीतला कल मात्र अजिबात चालत नाही. डिकीत फळीचे चार तुकडे ठेवा, इंचभर जाड, टायरपेक्षा थोडे रुंद, हातभर लांब. खालच्या बाजूच्या दोन्ही चाकांपुढे, म्हणजे पुढच्या आणि मागच्या, एकेक फळी टाकून गाडी हळूच वर चढवायची. कमी पडलं तर फळीवर फळी. मग हँडब्रेक, गाडी गिअरमध्ये, आणि चाकांना दगड. बाबांचं यावर एकच वाक्य असतं, "आधी गाडी झोपव, मग तू झोप."

उजेड असताना पोचणं हाही याचाच भाग. रात्री नऊला पोचून, जेवून, दमून जिथे जागा मिळेल तिथे गाडी लावली की ती तिरकीच लागते.

एक-दोनच्या सुमारास कंबर नाहीतर खुबा ठणकतो

इथे सगळ्यांचा पैसा जातो, म्हणून इथे जरा थांबते.

मागची सीट दुमडली की सपाट जागा तयार होते असं आपण गृहीत धरतो. दार उघडून टेप लावून बघा. आमच्या गाडीत दुमडलेल्या सीटची पाठ आणि डिकीचा तळ यांच्यात साडेपाच इंचांची पायरी आहे. सीटची पाठही आडवी पडत नाही, पुढच्या बाजूला चढत जाते. त्याच्या पुढे पाय ठेवायच्या जागेचा खड्डा. म्हणजे खड्डा, चढ, पायरी. यावर गादी टाकली की गादी तोच आकार घेते. हवेची असेल तर पायरीवर दुमडते, आणि ती दुमड नेमकी कमरेखाली येते.

दुसरी पद्धत बरेच जण करतात: पुढच्या सीटचे हेडरेस्ट काढायचे, सीट पुढे ओढायची आणि पाठ पूर्ण मागे पाडायची, म्हणजे ती मागच्या सीटला जाऊन टेकते. फोटोत पलंग दिसतो. पण सीट बसण्यासाठी घडवलेली असते, कमरेला फुगवटा आणि दोन्ही कडांना उंचवटे. दुपारी तासभर पडायला छान. रात्रभर झोपलात तर फुगवटा पाठीत आणि कडा बरगडीत. एकटे असाल आणि एकच रात्र काढायची असेल तर सीटच्या खोलगट भागांत दुमडलेल्या चादरी भरा, वर सतरंजी टाका, निभावेल.

आम्ही शेवटी सुताराकडे गेलो. बारा एमएमचा प्लाय, तीन तुकडे, मध्ये बिजागऱ्या. डिकीकडचा तुकडा पायांवर उभा, पायरीच्या उंचीइतका, त्याच्याखाली सामान. मधला तुकडा दुमडलेल्या सीटच्या पाठीवर टेकलेला. पुढचा तुकडा खड्ड्यावर, खाली घडीचा पाय. सुतार आमच्या मापांकडे बघून म्हणाला, "ताई, याच्यात दोघं?" पण काम चोख केलं. माप घेताना त्याने डिकीच्या दाराशी चार सूत, म्हणजे अर्धा इंच, मोकळे सोडले. तेव्हा ते मला वाया गेलेले वाटले. ते सोडले नसते तर दार लावताना फळी दाराच्या अस्तराला घासली असती. बिजागरीचा सांधा खुब्याखाली येऊ देऊ नका. आडवं पडून खुबा कुठे येतो तिथे खडूने खूण करा, मग सुताराला सांगा कुठे कापायचं ते.

सुताराकडे जाण्याआधी घरच्याच वस्तूंनी करून बघा. भाजीचे प्लास्टिकचे क्रेट पायरीच्या उंचीचे मिळाले तर डिकीत उलटे मांडा, खड्ड्यात कपड्यांची बॅग कोंबा, वर घडीचा प्लाय किंवा जाड पुठ्ठे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक रात्र झोपा. आम्ही झोपलो. अकराच्या सुमारास वॉचमनकाकांनी काचेवर टकटक केली आणि हळू आवाजात मला विचारलं, "ताई, घरात काही झालंय का?" आधी सांगून ठेवायला हवं होतं.

आता लांबी. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवल्यावर आम्हाला ५ फूट ७ इंच मिळतात. नवऱ्याला ते पुरत नाहीत. तो डाव्या बाजूला झोपतो, तिथल्या सीटचा हेडरेस्ट काढून पाठ पुढे झुकवली की उशीसाठी आणखी पाचेक इंच निघतात. मी ड्रायव्हरच्या मागे. मला ५ फूट ५ इंच पुरेसे, त्यामुळे ड्रायव्हरची सीट फार पुढे न्यावी लागत नाही आणि मध्यरात्री निघायची वेळ आली तर नवरा थेट स्टिअरिंगवर बसू शकतो. बुटक्या माणसाने ड्रायव्हरच्या मागे झोपायचं, हा आमच्या गाडीचा कायदा. एकटे असाल तर तिरके झोपा. साडेपाच फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद जागेचा कर्ण साडेसहा फुटांवर जातो. उंच माणसाला एकट्याला हॅचबॅकसुद्धा पुरते.

डोकं कुठे? पुढे. डिकीत चाकांच्या कमानी आत येतात, जागा अरुंद होते. पाय अरुंद जागेत मावतात, खांदे मावत नाहीत. शिवाय काचा पुढे आहेत, हवा तोंडाशी हवी.

आणि हो, गादी. प्लायवर दोन इंचांचा चाळीस डेन्सिटीचा फोम, प्लायच्याच मापाने तीन तुकड्यांत कापलेला, वर सुती खोळ. रेक्झिनची खोळ शिवू नका, घाम जिरत नाही. फोमच्या दुकानात गेलात की लाज न बाळगता त्यावर कुशीवर झोपा आणि खुब्याखाली हात घाला. बोटं फळीवर चिरडली तर फोम हलका आहे. पाठीवर झोपणाऱ्याला दीड इंचही चालतो, कुशीवर झोपणाऱ्याला दोनच्या खाली नाही.

साडेतीनला थंडी वाजून जाग

रजई अंगावर आहे, कानटोपी आहे, तरी हुडहुडी. थंडी वरून येत नसते, खालून येते.

हवेच्या गादीचा खरा दोष इथे दिसतो. आतली हवा रात्रभर फिरत राहते, वर अंगाशी गरम होते, खाली पत्र्याशी गार होते. तुम्ही अख्खी गादी तापवत बसता. शिवाय दुपारी तीस अंशांत टणक फुगवलेली गादी पहाटे दहा अंशांत सहा-सात टक्के आकसते, म्हणून ती गळकी वाटते. आम्ही पहिली गादी पंक्चर समजून टबात बुडवून तपासली होती. एक बुडबुडा आला नाही.

उपाय आजीच्या काळातला आहे. खाली घोंगडी, वर गोधडी. लोक उलटं करतात, कारण घोंगडी टोचते आणि जड असते. तिला फोम आणि चादरीच्या मध्ये टाका, टोचत नाही. लोकर दमट झाली तरी ऊब सोडत नाही. आमच्याकडे एक जुनी काळी घोंगडी आहे, तिला धुराचा वास येतो, पण तिच्यासमोर तिन्ही गाद्या फिक्या.

जागाही थंडी ठरवते. भंडारदऱ्याला सगळ्यांना आर्थर लेकच्या अगदी काठाशी गाडी लावायची असते. १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा हा जलाशय सकाळी आरशासारखा दिसतो, आणि रात्री आजूबाजूच्या डोंगरांवरची गार हवा घरंगळत त्याच्या काठाशीच येऊन साचते. गार हवा जड असते. पाण्यापासून वीस-पंचवीस फूट उंचीवर असलेल्या जागी गाडी लावली तरी फरक अंगाला कळतो. दवही कमी पडतं. सकाळी चालत काठावर जा, आरसा तिथेच असतो.

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आणि काही ठिकाणी त्याच्या आतच आहे. दिसली मोकळी जागा की लावली गाडी, असं करू नका. गावात विचारा. रतनवाडीसारख्या गावांत कोणाच्या तरी अंगणात, खळ्यात जागा मिळते, थोडे पैसे द्यायचे, रात्रीचं जेवण सांगायचं. अंगणातली जमीन सारवून, चोपून सपाट केलेली असते, म्हणजे पहिल्या दुखण्याचाही निम्मा इलाज झाला. पोलीस पाटलांना सांगून ठेवलं की रात्री कोणी टॉर्च मारून उठवत नाही.

पाचला कपाळावर थेंब

पहिल्यांदा मला वाटलं टप गळतोय.

दोन माणसांच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरहून जास्त पाणी बाहेर पडतं. बंद गाडीत ते जाणार कुठे? गार काचेवर जाऊन बसतं. निरभ्र आकाशाखाली पुढची मोठी काच सगळ्यात आधी थंड पडते, म्हणून धुकं तिथून सुरू होतं. मग बाजूच्या काचा, मग टपाचा पत्रा. पहाटे त्याचे थेंब होतात. उशी ओली, गोधडी दमट, आणि दमट गोधडी म्हणजे पुन्हा थंडी. साडेतीन आणि पाचची दुखणी अशी एकमेकांना धरून असतात.

सर्वसाधारण चूक म्हणजे थंडी वाजते म्हणून काचा पूर्ण बंद करणं. उलट करा. समोरासमोरच्या कोपऱ्यांतल्या दोन काचा, म्हणजे पुढची डावी आणि मागची उजवी, बोटभर खाली ठेवा. एकच काच उघडून उपयोग नाही, हवेला यायला एक दार आणि जायला दुसरं लागतं. दारांवर प्लास्टिकचे वायझर, म्हणजे काचेच्या वरच्या कडेला आडोसा देणाऱ्या पट्ट्या, बसवले असतील तर दवाच्या किंवा हलक्या सरीच्या रात्रीही काच उघडी राहते. गाडीतल्या सगळ्या अॅक्सेसरीजमध्ये पैसे वसूल करून देणारी ही एकच वस्तू, असं माझं मत.

ओले टॉवेल, घामाचे मोजे, पाण्याने निथळणारे बूट आत वाळत घालू नका. बूट पिशवीत घालून आतच ठेवा मात्र, बाहेर ठेवलेल्या बुटात सकाळी विंचू निघतो. आणि गोधडी तोंडावरून घेऊ नका. नाक गार लागत असेल तर कानटोपी खाली ओढा.

काचांना आतून पडदे लावायचे तर चंदेरी फोमशीट काचेच्या आकारात कापून दाबून बसवतात. ऊब राहते, उजेड अडतो, बाहेरून कोणी डोकावत नाही. पण ती शीट आणि काच यांच्यामध्ये पाणी साचतंच. सकाळी शीट काढण्याआधी हाताशी पंचा ठेवा, नाहीतर सगळं पाणी फोमवर.

सातला भट्टी

हे सोपं. पूर्वेला झाड, भिंत, टेकडी असेल अशी जागा निवडा. रात्री पूर्व कुठे ते कळत नसेल तर फोनमध्ये बघा. आंबा चालतो, वड चालतो. नारळ चालत नाही. कोकणात सावलीसाठी नारळीखाली गाडी लावणाऱ्याला तिथली माणसं स्वतःहून उठवतात, कारण पिकलेला नारळ किंवा वाळकी झावळ पुढच्या काचेला काय करते ते त्यांनी पाहिलेलं असतं.

कोकणात वेळच नाही, रात्रभर जाग

हिवाळ्यातलं कोकण ठीक. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर गाडीत झोपायचं धाडस आम्ही एकदाच केलं. समुद्राकडे तोंड करून गाडी लावली, काचा उघडल्या आणि वाऱ्याची वाट बघत बसलो. शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, त्याचा उपयोग तेव्हा झाला नाही. दिवसा समुद्रावरून येणारा खारा वारा रात्री पडतो. नंतर आलाच तर मतलई, जमिनीकडून समुद्राकडे. म्हणजे जमिनीकडची काच महत्त्वाची, आणि आम्ही तीच डासांच्या भीतीने बंद ठेवली होती.

छोटा यूएसबी पंखा खरंच कामाचा आहे. पाच वॅटचा पंखा २०,००० एमएएचच्या पॉवर बँकवर रात्रभर चालतो. क्षमता सुमारे ७४ वॅट-तास, घट धरून साठेक हाताशी येतात. पंखा तोंडावर लावू नका, काचेकडे पाठ करून बाहेरची हवा आत ओढायला लावा.

डासांसाठी मच्छरदाणीच्या कापडाची पिशवी शिवून घ्या, उशीच्या अभ्र्यासारखी, दाराच्या वरच्या अर्ध्या भागावर बाहेरून चढणारी. दार लावलं की ती रबराच्या बीडिंगमध्ये धरली जाते आणि काच पूर्ण खाली करता येते. पाऊस आला की मात्र ती लगेच काढा. ओलं कापड बीडिंगमधून वातीसारखं पाणी आत ओढतं. आम्हाला हे दारातल्या कप्प्यात साचलेल्या पाण्यावरून कळलं, नवऱ्याचं पाकीट तिथेच होतं.

गाडी पुळणीवर उतरवू नका. गोव्यात तर किनाऱ्यावर गाडी घालणं हा गुन्हाच आहे. आपल्याकडेही भरतीला वाळूत रुतलेल्या गाड्यांचे व्हिडिओ दर सुट्टीत निघतात. कोकणातला जुना हिशोब लक्षात ठेवा: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुन्हा. रात्री तीनला भरती असेल तर संध्याकाळी दिसणारी कोरडी वाळू तुमची नाही. सुरूच्या बनात लावायची असेल तर तापलेल्या गाडीखाली वाळलेल्या सुयांचा थर नको. सायलेन्सरचा पुढचा भाग आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर शुद्ध करणारा डबा) इतके तापतात की वाळलं गवत पेट घेऊ शकतं. सह्याद्रीतल्या डिसेंबरनंतरच्या पिवळ्या माळालाही हेच लागू.

यात तडजोड नाही

"मग एसी लावून झोपलं तर?" हा प्रश्न हमखास येतो. नाही. इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही, हीटरसाठी नाही आणि एसीसाठीही नाही. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, ठसका नाही. झोपलेल्या माणसाला तो उठवत नाही, हीच त्याची रीत. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकऱ्याला रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरॅव्हॅनमध्ये दोघांचे मृतदेह सापडले. जनरेटरमधला हाच वायू आत शिरला होता. सुसज्ज गाडी, एसीची सोय, आणि असं. शेगडी, निखाऱ्यांची पाटी, गॅसचा स्टोव्ह, डासांची कॉइल, यातलं काहीही आत पेटवायचं नाही. दोन मिनिटं ऊब घ्यायची म्हणूनही नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगते. मुलं असलेल्या घरातल्या गाडीत मागच्या दारांचं चाइल्ड लॉक लावलेलं असतं. मग मागचं दार आतून उघडत नाही. हॅचबॅकची डिकीही आतून उघडत नाही. म्हणजे पुढच्या सीटवरून रांगत जाण्याशिवाय बाहेर पडायला वाट नाही, आणि पुढच्या सीट तुम्ही पुढे ओढून ठेवलेल्या. रात्री घाईने बाहेर जायची वेळ आल्यावर आम्हाला हे कळलं. निघण्याआधी दोन्ही मागच्या दारांच्या कडेला ते छोटं खटक्याचं बटण बघा. किल्लीची जागा ठरलेली हवी. आमची स्टिअरिंगच्या दांडीला लोंबते.

बॅटरी: डिकी अर्धवट लागली तर आतला दिवा रात्रभर जळत राहतो. झोपण्याआधी दिव्याचा खटका बंदवर करा. फोन चार्जिंग, दिवे, पंखा, सगळं पॉवर बँकवर, गाडीच्या बॅटरीवर काही नाही. बारा व्होल्टच्या बॅटरीत, गाडी बंद राहून ती स्थिर असताना, १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ च्या खाली गेली की थंडीत सकाळी सुरू होईल याची खात्री धरू नका. जंपर केबल ठेवा, आणि ती वापरायची कशी हेही घरी एकदा करून बघा.

पावसाळ्याचं काय

पावसाळ्यात वरचे बरेचसे उपाय पांगळे होतात. बाहेरच हवेत पाणी भरलेलं असतं, काच उघडून ओल जात नाही, बंद ठेवून तर नाहीच. मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे बघायला भंडारदऱ्याला झुंबड उडते, तेव्हा पहिल्या वळवाच्या सरींत आम्ही एक रात्र काढली. प्लाय फुगला नाही, पण फोम वाळायला घरी चार दिवस लागले आणि खोळीवर बुरशीचे काळे ठिपके आले, ते अजून आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये घाटाच्या पायथ्याशी, ओढ्याच्या पात्रात किंवा धरणाच्या खालच्या अंगाला गाडी लावून झोपणं तर वेगळाच धोका: वरून दरड, खालून सोडलेलं पाणी.

राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते मोठ्या, आत संडास-ओटा असलेल्या गाड्यांसाठी आहे. आमच्यासारख्या हॅचबॅकवाल्यांना पावसात पडवीच बरी. जून ते सप्टेंबर प्लाय घरात दिवाणाखाली असतो, आणि आम्ही गावात कोणाच्या तरी पडवीत घोंगडी टाकतो. फोम तेवढा गाडीतून काढून नेतो.